विमान ऑटोपायलटवर असताना वैमानिकाने मोबाईल पाहिला, तर नेमका धोका कोणता?

नागपूरला उतरणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमधून चित्रित केलेले एक रील पाहून आपण विचारले आहे की, मोबाईल फ्लाइट मोडवर आणि विमान ऑटोपायलटवर असेल, तर वैमानिकाने क्षणभर स्क्रीनकडे पाहिल्याने काय बिघडते. मी नागपुरात वैमानिक परवान्याची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना हवाई नियम व नॅव्हिगेशन शिकवतो आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक तुकडीत निघतो. फ्लाइट मोडमुळे रेडिओ लहरींची अडचण दूर होते. लक्ष विचलित होण्याची होत नाही, आणि खरा धोका तोच आहे.

ऑटोपायलट त्याला दिलेली उंची, दिशा आणि वेग पाळतो, परंतु दिलेला आकडाच चुकीचा आहे हे त्याला कळत नाही. म्हणून दोन वैमानिकांपैकी एक विमान चालवतो आणि दुसऱ्याचे मुख्य काम सतत पाहत राहणे हे असते. या कामात बराच वेळ काहीच घडत नाही, आणि नेमक्या अशा कंटाळवाण्या वेळी हात मोबाईलकडे जातो. २१ ऑक्टोबर २००९ रोजी सॅन डिएगोहून मिनियापोलिसला निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात दोन्ही वैमानिक लॅपटॉप उघडून ड्यूटीच्या नव्या वेळापत्रक पद्धतीविषयी बोलत राहिले, तासाहून अधिक काळ नियंत्रकांना त्यांच्याकडून उत्तर मिळाले नाही आणि विमान मुक्कामाचे शहर ओलांडून शंभराहून अधिक मैल पुढे गेले. नागपूरला उतरायचे विमान अमरावतीही मागे टाकून जावे, इतके. त्या दोघांचे परवाने रद्द झाले. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने प्रवासी विमानांच्या कॉकपिटमध्ये लॅपटॉप व मोबाईलच्या खासगी वापरावर नियमानेच बंदी घातली.

तरीही मी वर्गात अधिक वेळ देतो तो २७ मे २०१० च्या सिंगापूरच्या घटनेला, कारण तिथे कोणी गप्पा मारत नव्हते की चित्रीकरण करत नव्हते. डार्विनहून आलेले जेटस्टारचे एअरबस ए३२१ उतरण्याच्या बेतात असताना कप्तानाच्या मोबाईलवर संदेशांचे आवाज येऊ लागले. विमान सहवैमानिक चालवत होता. त्याने कप्तानाला, उतरणे रद्द करून पुन्हा वर जावे लागल्यास गाठायची उंची लावण्यास सांगितले, उत्तर आले नाही, म्हणून त्याने वळून पाहिले तर कप्तान मोबाईलमध्ये गुंतलेला होता. निघताना बंद करायचा राहिलेला मोबाईल तो बंद करत होता, एवढेच. परंतु तेवढ्यात चाके खाली घेण्याची वेळ टळून गेली, उतरण्यापूर्वीची तपासणी राहिली, इशारा वाजल्यावर एकाच्या मनात पुन्हा वर जायचे होते तर दुसरा चाके खाली घेत होता, आणि विमान ३९२ फुटांपर्यंत खाली आल्यावर वर चढवले गेले. मोबाईलने घेतलेले सेकंद थोडेच होते. मोडलेला कामांचा क्रम मात्र पुन्हा जुळला नाही.

या टप्प्यावर सेकंदांचा हिशेब किती कठोर असतो ते पाहा. मोठे प्रवासी विमान उतरताना साधारण १४० नॉट (ताशी सुमारे २६० किलोमीटर) वेगाने येते, म्हणजे एक संदेश वाचण्याच्या पाच सेकंदांत ते सुमारे ३५० मीटर पुढे आणि अंदाजे ६० फूट खाली गेलेले असते. पावसाळ्यात नागपूरच्या धावपट्टीजवळ पक्ष्यांचा वावर आणि ढगांतून आलेला वारा असताना ही पाच सेकंदे उधार देण्यासारखी नसतात. दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त काही बोलायचे वा करायचे नाही, हा ‘स्टराइल कॉकपिट’चा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला तो याचसाठी, तेव्हा मोबाईल नव्हते, पण अवांतर गप्पांतून अपघात होऊन गेले होते.

उपकरण ही एक वस्तूही असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानाच्या कप्तानाने आपला कॅमेरा हाताच्या टेकणीजवळ ठेवला आणि नंतर आसन पुढे सरकवले. कॅमेरा नियंत्रण दांड्यावर अडकला आणि १९८ जणांना घेऊन जाणारे विमान २७ सेकंदांत ४,४०० फूट कोसळले. सुदैवाने विमान सावरले गेले.

कामासाठी दिलेल्या टॅबलेटचे काय, हा पुढचा रास्त प्रश्न. तो हवाच, कारण नकाशे व कागदपत्रे आता त्यातच असतात. मात्र ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबईहून ब्रसेल्सला जाणारे जेट एअरवेजचे विमान तुर्कस्तानावर सुमारे पाच हजार फूट खाली आले, तेव्हा कप्तान नियमानुसार विश्रांती घेत होते आणि सहवैमानिक टॅबलेटवर कामातच होत्या. म्हणून माझ्या मते ‘खासगी की कामाचे’ या भेदापेक्षा, त्या क्षणी विमानाकडे कोण पाहत आहे, हे महत्त्वाचे आहे.

लहान प्रशिक्षण विमानात तर बहुधा ऑटोपायलटही नसतो. तिथे मी विद्यार्थ्यांना इंजिन सुरू करण्यापूर्वीच मोबाईल पूर्ण बंद करून हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवायला सांगतो.

आता आपण पाहिलेल्या रीलबद्दल. चित्र स्थिर असेल तर कॅमेरा निघण्यापूर्वीच बसवलेला असू शकतो, किंवा मागच्या आसनावरील तिसऱ्या व्यक्तीने ते टिपले असू शकते; त्याला कंपनीची परवानगी होती का, हा वेगळा विषय. परंतु चित्र हातात धरल्यासारखे हलत असेल आणि ते पुढच्या दोन आसनांपैकी एकावरून घेतलेले असेल, तर धावपट्टी समोर असताना एका वैमानिकाचा हात आणि नजर दोन्ही कामावर नव्हती.