गणवेशातला चाकू: कुणी, कोणता, कुणाच्या हुकमाने?

चाकूबद्दल पोलीस दलातून प्रश्न येतात, तसे घरांतूनही येतात. बहुतेकांमागे एकच ऐकीव समजूत असते: 'अमुक इंचांपर्यंत चालतं.' म्हणून सुरुवात तिथूनच.

सहा इंचांपर्यंतचा चाकू खिशात ठेवता येतो, हे खरं आहे का?

नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये चाकू 'शस्त्र' धरण्याचा आकडा आहे तो ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा. त्यातूनही घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. पण त्याहून लहान चाकू म्हणजे मोकळीक, असा अर्थ कुणी काढू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश लागू असेल, तर इंच मोजत कुणी बसत नाही. चाकू, काठी, शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू त्यात येऊ शकते. आदेश मोडला तर कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायालयाने कारणं नोंदवली नाहीत तर चार महिन्यांपेक्षा कमी नाही, शिवाय दंड. दिल्लीचा ७.६२ सेंमी लांबी आणि १.७२ सेंमी रुंदीचा आकडा तिथल्या अधिसूचनेतला आहे. तो इकडे आणू नका. आज तुमच्या भागात आदेश लागू आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारा. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशाला विचारू नका.

ऑनलाइन एका चाकूवर 'पोलिसांनी मान्य केलेला, सर्व राज्यांत कायदेशीर' असं लिहिलं होतं. घ्यावा का?

नको. ती विक्रेत्याची जाहिरात आहे. 'टॅक्टिकल' या शब्दाने किंमत वाढते, कायदा बदलत नाही.

मुलगा शिकायला इंग्लंडला चालला आहे. छोटा फोल्डिंग चाकू सोबत द्यावा का?

देऊ नका. तिथे ३ इंचांपर्यंत धारेचा, लॉक न होणारा घडीचा चाकूच कारण न दाखवता जवळ बाळगता येतो. पातं लॉक होत असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं. स्वयंपाकाची सुरी तो तिथे जाऊन घेईल.

कोयता शेतीचं अवजार आहे, मग त्यावर कारवाई कशी होते?

निव्वळ शेतीसाठी बनवलेली वस्तू शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतून वगळली आहे. कलम ३७(१) चा आदेश मात्र वस्तू कशासाठी बनली हे पाहत नाही. ऊसतोडीला निघालेला माणूस आणि रात्री चौकात कोयता फिरवणारा यांत फरक करणं पोलिसांचं काम आहे. तोडणी कामगारांनी प्रवासात कोयते पोत्यात गुंडाळून, बांधून न्यावेत. गुन्हा दाखल झालाच असेल तर वकील गाठा.

मी महामार्गावर ड्युटी करतो. स्वतःचा फोल्डिंग चाकू खिशात असतो. साहेब तोंडी 'ठेव' म्हणाले आहेत. पुरेसं आहे का?

नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ ची सूट लोकसेवकाला कर्तव्य बजावताना मिळते. ती कर्तव्याला आहे, खाकीला नाही. घरी जाताना तोच चाकू खिशात राहिला तर ती सूट सांगता येणार नाही. मनाई आदेशांतही सूट असते ती सहसा वरिष्ठांच्या हुकमाने हत्यार बाळगणाऱ्यांना. तोंडी हुकूम चौकशीत आठवत नाही. घटकप्रमुखांकडून लेखी घ्या, तोवर चाकू घरी ठेवा.

आमच्या घटकासाठी चाकूबाबत आदेशाचा मसुदा करायला सांगितलं आहे. त्यात काय असावं?

हा प्रश्न कुणी विचारावा याची वाट पाहत होतो. अधिकाराची अडचण नाही. दलाला कोणती शस्त्रं आणि साहित्य, किती द्यायचं, हे ठरवण्याचे नियम वा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २३ खाली शासनाच्या अधीन राहून पोलीस आयुक्त आणि महासंचालकांना काढता येतात. तुमचा मसुदा त्यांच्या मान्यतेनेच लागू होईल. अडतं ते 'बघू' म्हणून पडून राहिलेल्या फायलीत.

मसुद्यात 'योग्य चाकू बाळगता येईल' असं वाक्य कृपा करून घालू नका. योग्य कोणता, हे मग प्रत्येक जण बाजारात जाऊन ठरवतो. आधी हेतू लिहा: सीटबेल्ट, दोरी, कापड कापणे. त्याला टोकदार पातं लागतच नाही. आकड्यासारखं वाकडं, धार आत लपलेलं कटर पुरतं. चाकू हवाच असेल तर बोथट टोकाचा, हाताने उघडणारा, उघडल्यावर लॉक होणारा, पातं ३ इंचांच्या आत. बटण दाबून उघडणारा नको. जागा एकच ठरवा, पिस्तुलाच्या उलट बाजूला, पट्ट्यावर बंद म्यानात. झटापटीत समोरच्याच्या हाती लागेल असा क्लिपवर लटकता नको.

माझी खरी काळजी याहून वेगळी आहे. अंमलदाराच्या खिशातला नोंद नसलेला चाकू ही खटल्यातली सुरुंगाची वात आहे. आरोपीकडून चाकू जप्त होतो, पंचनामा होतो, आणि उलटतपासणीत बचावाचे वकील विचारतात, 'तुमच्याकडेही चाकू होता ना? त्याची नोंद कुठे?' नोंद नसेल तर जप्त चाकू पोलिसांनीच ठेवला, हा संशय उभा करायला एवढं पुरतं. म्हणून चाकू सरकारीच असावा. त्यावर कोरलेला क्रमांक, साठा नोंदवहीत नाव, ड्युटीला निघताना आणि परतताना स्टेशन डायरीत नोंद, महिन्याला तपासणी. मुद्देमालाची पाकिटं त्याने फोडायची नाहीत आणि डब्यातलं सफरचंदही कापायचं नाही. घटनास्थळी वापरला तर रक्ताचे अंश राहतात, म्हणून पुसून पुन्हा लावू नका. सीलबंद करून दुसरा द्या. स्वसंरक्षणात वापरावा लागला तर तो बळाचा वापर धरून त्याच दिवशी लेखी अहवाल, हेही आदेशात हवं. मसुदा वर पाठवण्याआधी सरकारी अभियोक्त्यांना वाचायला द्या.

अपघातात अडकलेल्याचा बेल्ट कसा कापावा? चाकू सारखा अडकतो.

साधं पातं करवतीसारखं पुढे-मागे चालवलं की पट्टी दुमडते. पट्टी ताणून धरा, कटरचा आकडा तिरका घाला आणि अंगापासून दूर एका झटक्यात ओढा. आधी खांद्याजवळ, मग कंबरेच्या बाजूला. गाडी उलटी असेल तर कापण्यापूर्वी दुसऱ्याने माणसाचं वजन पेलायला हवं, नाहीतर तो डोक्यावर आपटतो. काच फोडायची असेल तर कटरमागचं काच फोडायचं टोक बाजूच्या टेम्पर्ड (फुटली की बारीक तुकडे होणाऱ्या) काचेच्या कोपऱ्यात मारा. पुढची काच लॅमिनेटेड (मधे चिवट थर असलेली) असते, ती त्याने फुटत नाही. काही नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच असतात. सराव भंगारातल्या बेल्टवर करा आणि अग्निशमन दलाच्या प्रशिक्षकाकडून एकदा तपासून घ्या.

चाकूवाला २१ फुटांच्या आत आला की गोळी झाडता येते, असा नियम आहे ना?

नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या लेखातून हे पसरलं. माणूस तेवढं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, एवढंच त्यात होतं. ती सावधगिरीची सूचना होती, परवाना नव्हे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेची स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ पाहिली जातात, आणि धोका खरा व तातडीचा होता का, हे विचारलं जातं. अंतर ठेवा, आडोसा घ्या, मदत बोलवा.

जप्तीत चाकूचं माप कसं लिहावं?

'अंदाजे १२ इंच चाकू' असं नको. पात्याची लांबी, पात्याची सर्वांत जास्त रुंदी आणि मुठीची लांबी वेगवेगळी मोजा, पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्या, पंचांसमोर रेखाचित्र काढा. शस्त्र अधिनियमाचं कलम ४/२५ (अधिसूचित भागात परवान्याशिवाय हत्यार बाळगणं आणि त्याची शिक्षा) लावण्याआधी तुमच्या भागाला लागू असलेली अधिसूचना कागदावर आहे का, हे अभियोक्त्यांकडून पाहून घ्या. झडती व जप्तीचं दृकश्राव्य चित्रण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावंच लागतं. मोबाइल चार्ज करून निघा.