न्यूझीलंडला बालवाडीची टीचर व्हायचंय म्हणतेस, तर

तू विचारलंस, "ताई, माझं बीकॉम झालंय, वर ईसीसीएडचा (बालसंगोपन आणि बालशिक्षणाचा) एक वर्षाचा डिप्लोमा आहे, इंदिरानगरच्या नर्सरीत चार वर्षं शिकवतेय. न्यूझीलंडला थेट टीचर म्हणून लागेन का? एजंट हो म्हणतोय."

थेट नाही लागणार. हे आधीच सांगते, कारण मी पंचवटीतून निघाले तेव्हा मलाही एकाने असंच "हो" सांगितलं होतं आणि त्याच्या फीपायी आईच्या दोन बांगड्या गेल्या. इथे टीचर म्हणजे टीचिंग कौन्सिलकडे नोंद झालेली व्यक्ती. नोंदणीसाठी बालशिक्षणातली पदवी लागते, किंवा दुसरी कुठली पदवी असेल तर वर एक वर्षाचा बालशिक्षणाचा ग्रॅज्युएट डिप्लोमा. म्हणजे तुझं बीकॉम कामाला येईल. ईसीसीएड आणि चार वर्षांचा अनुभव प्रवेशाच्या अर्जात जरूर लिही, पण तेवढ्यावर नोंदणी मिळत नाही. इंग्रजीची परीक्षा आणि पोलीस तपासणी आहेच. नोंद झाल्यावरही निदान दोन वर्षं अनुभवी शिक्षिकेच्या हाताखाली काम केल्यावरच पूर्ण प्रमाणपत्र हाती येतं.

नोंद नसलेल्यांनाही सेंटरमध्ये काम मिळतं, पण त्यांचा पगार कमी आणि पुढे सरकायला वाट फारशी नाही. नोंद असेल तर हेड टीचर होता येतं, किंवा घरोघरी मुलं सांभाळणाऱ्यांना भेटी देऊन मार्गदर्शन करता येतं. एजंटला त्याचा लायसन्स नंबर माग. न्यूझीलंडच्या इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याला २००७ च्या कायद्याने लायसन्स लागतं, तो नाशकात बसलेला असला तरी. फक्त स्टुडंट व्हिसापुरता बाहेरच्या देशातल्या सल्लागारांना त्यातून सूट आहे, म्हणून लायसन्स नसताना नोकरीच्या आणि पीआरच्या (तिथे कायम राहण्याच्या परवान्याच्या) गोष्टी त्याच्या तोंडून ऐकल्यास की सावध हो.

आता खरं बोलायचंय ते कामाबद्दल. कागद वर्षभरात जमतात, माझा हात मात्र बदलायला जास्त वेळ लागला. कोर्समधल्या पहिल्या प्लेसमेंटला, म्हणजे सेंटरमधल्या सरावाला, साडेतीन वर्षांचा एक मुलगा पन्हाळीचा तुकडा वाळूत तिरका लावून पाणी सोडत होता. पाणी दर वेळी बाजूने सांडायचं. मी गेले आणि पन्हाळ सरळ करून दिली. तो उठून निघून गेला. माझी मेंटॉर जवळ येऊन एवढंच म्हणाली, "तो काय शोधत होता?" मला उत्तर देता आलं नाही. नाशकात माझ्या वर्गात पस्तीस मुलं होती, ज्युनिअर केजीच्या प्रवेशाआधी त्यांना एबीसीडी गिरवून घ्यायची असायची. कोण काय शोधतंय ते बघायला उसंतच नव्हती.

इथे दोन वर्षांखालच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, आणि दोनच्या पुढच्या वीस मुलांमागे दोन. मुलं बहुधा आपापल्या पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास शाळेत जातात, त्यामुळे जूनची धावपळ नसते. अभ्यासक्रमाचं नाव 'ते फारिकी', म्हणजे माओरी या इथल्या मूळ लोकांच्या भाषेत विणलेली चटई. तो १९९६ साली आला, २०१७ मध्ये सुधारला. मुलाचं सुख, आपलेपणा, हातभार, संवाद आणि शोध असे त्याचे पाच धागे आहेत. कुठल्या वयात कोणती अक्षरं आलीच पाहिजेत अशी यादी त्यात सापडणार नाही. येवल्याच्या मागावर पैठणी विणताना पाहिली असशील तर लगेच कळेल, एकेक धागा सुटा काढून मार्क देता येत नाहीत. म्हणून इथे रिपोर्ट कार्डाऐवजी शिक्षिका मुलाची गोष्ट लिहिते: त्याने काय केलं, मला त्यात काय दिसलं, पुढे काय करू.

हे आपल्याला परकं नाही गं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पानं घेऊन आदिवासी मुलांच्या अंगणात बसल्या होत्या. आपल्या जिल्ह्यापासून ते काही तासांवर आहे. मी त्यांच्याबद्दल मनापासून वाचलं ते इथे आल्यावर, याची मला अजून रुखरुख लागते.

बाकी, लंगोट बदलावे लागतात, पावसातही मुलं बाहेर असतात, पहिल्या थंडीत सर्दी सोडत नाही, आणि मुलं तुला नावाने हाक मारतील, "टीचर" म्हणून नाही. टेबलावर बसू नकोस, माओरी रीतीत जेवणाच्या जागेवर बसत नाहीत. डब्याआधी काराकिया, म्हणजे माओरी प्रार्थना, म्हणतात. आपल्या श्लोकांची सवय असल्याने ते मला पहिल्याच दिवशी जवळचं वाटलं.

फी भरण्याआधी एक कर. तुझ्या नर्सरीत रोज दहा मिनिटं एकाच मुलाकडे बघ, मध्ये हात घालू नकोस, दिसेल ते मराठीत लिही. आठवडाभराचं मला पाठव.