आजारी घोडीला जास्त पाणी प्यायला कसं लावावं?

पाणी बादलीतूनच पोटात गेलं पाहिजे, हा हट्ट आधी सोडा. तुमची घोडी सतरा-अठरा वर्षांची, वरातीला जाणारी, दाढा झिजलेल्या. मार्चमध्ये लीद अडकून पोटशूळ उठला, डॉक्टरांनी नाकातून नळी घालून औषध-पाणी सोडलं आणि जाताना "पाणी वाढवा" म्हणून सांगून गेले. आता ती बादलीत तोंड घालते आणि मान वळवते, असं तुम्ही लिहिलंय. अशा जनावराला निम्मं पाणी खाण्यातून घालता येतं, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

वाळल्या कडब्यात पाणी शंभरात दहा भागांच्या आसपास, हिरव्या लसूणघासात पाऊणपट. म्हणजे दहा किलो हिरवा घास खाल्ला की सात-आठ लिटर पाणी आपोआप पोटात गेलं. घास एकदम वाढवू नका, पोट फुगतं. आठ-दहा दिवसांत हळूहळू चढवा. कडबा द्यायचाच असेल तर कुट्टी करून पाण्यात भिजवा, नुसती शिंपडू नका. झिजलेल्या दाढांनी वाळकी कुट्टी नीट चावली जात नाही, ती घशात किंवा आतड्यात जाऊन बसते. चंदीचं, म्हणजे दाण्या-कोंड्याच्या खुराकाचंही तेच. गव्हाचा कोंडा एक किलो घेतला तर तीन-चार लिटर कोमट पाणी घालून पातळसर कालवा, वर भिजवलेला हरभरा मूठभर. तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात नको, उथळ घमेल्यात द्या, म्हणजे खालचं पाणीही ती ओढून घेते. आपल्याकडच्या उन्हात भिजवलेला कोंडा दोन-तीन तासांत आंबतो, उरलेला टाकूनच द्या. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून त्याच्या जोडीला घास हवाच. मात्र डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा त्रास सांगितला असेल तर लसूणघास आणि मीठ दोन्ही त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आता ती तोंड का फिरवते ते बघा. पाण्याजवळ शांत उभं राहून तिच्या गळ्याकडे पाहा. खरंच पीत असेल तर मानेखालून एकेक घोट सरकताना दिसतो आणि घोटागणिक कान हलतात. नुसते ओठ बुडवून पाणी घुसळत असेल तर यातलं काहीच दिसत नाही, आणि मालकाला वाटतं घोडी प्याली. तोंड घालून झटक्यात वर काढत असेल, मान तिरकी करत असेल, चावताना घासाचे गोळे खाली पाडत असेल, तर दाढ दुखतेय किंवा दाढेची धार गालाला लागतेय. तेव्हा गूळ, मीठ काहीही करा, उपयोग नाही. दाढा कानशीने घासून घ्याव्या लागतात आणि ते काम जनावरांच्या डॉक्टरांचंच. परभणी आणि उदगीर दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ पडेल तिकडे एकदा दाखवाच. खुरं दुखत असतील तर ती हौदापर्यंत चालतच नाही, तेव्हा बादली दावणीलाच ठेवा.

दाढा ठीक असतील तर पाणी स्वतः चाखून बघा. उन्हाळ्यात विहीर आटली की टँकर येतो, त्यात टीसीएल पावडरचा (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या पावडरीचा) वास असतो, आणि घोड्याचं नाक फार तिखट. टँकरचं पाणी उघड्या हौदात रात्रभर राहू द्या, वास बराच उतरतो. खारट बोअरचं पाणी असेल तर सुरुवातीला जुन्या पाण्यात थोडं थोडं मिसळा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला घोडी नेणाऱ्यांना हे ठाऊक असतं: परक्या पाण्याला जनावर तोंड लावत नाही, आणि यात्रा मार्गशीर्षातली, म्हणजे वर थंडी. म्हणून निघायच्या आधी आठवडाभर घरच्याच पाण्यात गुळाचा लहान खडा विरघळवून सवय लावायची, मग तिकडच्या पाण्यातही तोच गूळ. वरातीच्या गावी तुम्हीही असंच करू शकता. शेजारी साध्या पाण्याची बादली मात्र कायम हवी. खुरांचा जुना आजार असेल तर गुळाच्या वाटेला जाऊ नका.

मे महिन्यात प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी हात घालवत नाही इतकं तापतं. बादल्या लिंबाच्या सावलीत हलवा, रोज घासून धुवा, शेवाळ राहू देऊ नका. थंडीत उलट कोमट पाणी द्या, म्हाताऱ्या दातांना गार पाणी झोंबतं. घोडी बहुतेक पाणी चाऱ्यासोबत पिते, म्हणून घास टाकला की बाजूला ताजी बादली भरलेली असू द्या, आणि रात्रीही.

मीठ चंदीत घाला, रोज मोठा एक चमचा, घाम गाळला त्या दिवशी दोन. चाटायची वीट टांगून ठेवली तरी बरेच घोडे ती पुरेशी चाटत नाहीत. समोर भरपूर पाणी नसताना मीठ कधीच देऊ नका.

हौदातून किती प्याली ते कळत नाही, म्हणून काही दिवस मोजलेल्या बादलीतूनच पाजा आणि लिहून ठेवा. तीनशे किलोच्या आसपासच्या घोडीला वाळल्या चाऱ्यावर थंडीत १५ ते २० लिटर लागतं, आपल्या उन्हाळ्यात ३० ते ४० पर्यंत जातं. हिरवा आणि भिजवलेला चारा असेल तर बादलीतलं कमी होणारच, त्याला घाबरू नका. लीद बघा: गोळे ओलसर आणि पडल्यावर फुटणारे हवेत. लहान, कडक, वरून शेंबडासारखा थर असलेले दिसले तर पाणी कमी पडतंय. कातडी चिमटीत धरून बघायची पद्धत म्हाताऱ्या घोडीत फसवते, त्यापेक्षा हिरडी बघा. ओली असावी, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यावा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बैलाला पाजतात तसं बांबूच्या नळ्याने किंवा बाटलीने घोडीच्या तोंडात पाणी ओतू नका. ते फुप्फुसात गेलं तर निमोनिया होऊन जनावर हातचं जातं. नळी घालायची ती डॉक्टरांनीच. तसंच दुखण्यावरची फ्लुनिक्सिन, फेनिलब्युटाझोन ही औषधं अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला आणि आतड्याला इजा करतात, उरलेली सुई आपल्या मनाने टोचू नका.

आठ-दहा तासांत लीद पडली नाही, पाय आपटू लागली, वळून पोटाकडे बघू लागली, लोळू लागली किंवा दिवसभर पाण्याला शिवलीच नाही, तर घरगुती उपाय थांबवून चारा काढून घ्या आणि लगेच डॉक्टरांना किंवा १९६२ या जनावरांच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन करा. डॉक्टर येईपर्यंत मोजलेल्या पाण्याचा आणि लिदीचा हिशेब हाताशी ठेवा, सगळ्यात आधी तेच विचारतील.