हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र आणि वाटणीपत्र यांत फरक काय?

वडील मृत्युपत्र न करता वारले, शेताच्या सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि आपण अशी तिघांची नावे लागली आणि आता भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत आहे. तेव्हा या तीन कागदांत नेमका फरक काय, असे आपण विचारले आहे. दस्तलेखनाच्या कामात हे कागद माझ्या हातून नेहमी जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वारसनोंदीविषयी. नोंद झाली म्हणजे मालकी मिळाली, हा समज खरा नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आपला हिस्सा वडिलांच्या निधनाबरोबरच आपल्याकडे आला. फेरफार ही त्याची महसुली दप्तरातील नोंद आहे. आपले लग्न झालेले असले तरी त्यामुळे हिस्सा कमी होत नाही.

हक्कसोडपत्र एका सहहिस्सेदाराने दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात करायचे असते. भाऊ हयात असताना तेच पत्र वहिनीच्या किंवा पुतण्याच्या नावे केले, तर मथळा काहीही असो, ते बक्षीसपत्र मानले जाण्याची शक्यता असते आणि मुद्रांक शुल्काचा हिशोबही बदलतो. बक्षीसपत्र कोणाच्याही नावे करता येते. मात्र त्यात मोबदला नसावा लागतो, घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावे लागते आणि स्थावर मिळकत असेल तर दोन साक्षीदार व दस्तनोंदणी आवश्यक ठरते. वाटणीपत्रात मात्र कोणी काही सोडत नाही. एकत्र असलेली जमीन हिश्श्याप्रमाणे, चतुःसीमा ठरवून, वेगळी केली जाते. आपल्याला जमीन हवी असेल तर आपला कागद हाच, आणि शेतजमिनीच्या वाटपासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्जही करता येतो.

सही करायचीच असेल तर ‘लिहून देणार’ म्हणजे आपण आणि ‘लिहून घेणार’ म्हणजे भाऊ, एवढे ध्यानात ठेवून मिळकतीचे वर्णन सावकाश वाचा. बोलणे एका गटाचे, म्हणजे एका गट क्रमांकाच्या जमिनीचे, झालेले असते आणि कागदात ‘तसेच इतर सर्व वडिलोपार्जित स्थावर मिळकती’ असे शब्द येतात. त्या अर्ध्या ओळीत गावातले घर आणि गावठाणातली जागाही जाऊ शकते. मग ‘माझा संपूर्ण हक्क व हितसंबंध कोणताही मोबदला न घेता स्वखुशीने कायमचा सोडून देत आहे’ हे वाक्य पाहा. भावाने पैसे देण्याचे कबूल केले असेल, तर ‘मोबदला न घेता’ हे शब्द राहता कामा नयेत. रक्कम आणि ती कशी मिळाली हे तिथेच लिहून घ्या. नात्यात संकोच वाटतो हे मान्य, पण नंतर तोंडी कबुली सिद्ध करणे फार अवघड जाते.

नुसत्या मुद्रांकावर लिहून नोटरी केलेल्या कागदाने स्थावर मिळकतीतला हक्क जात नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे नोंदणी लागते. उलट नोंदलेला दस्त मन बदलले म्हणून एकतर्फी रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला असेल तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि त्याची मुदत ती गोष्ट कळल्यापासून ३ वर्षे आहे.

मसुदा नोंदणीच्या दिवशी कार्यालयात उभ्याने न वाचता आधी घरी मागवून घ्या आणि भावाच्या वकिलाऐवजी स्वतःच्या वकिलाला दाखवा.