मराठी मीडियमचा आहे, सीयूईटीच्या इंग्रजीसाठी वाचन, शब्द आणि ग्रामर चार महिन्यांत कसं करू?

तू लिहिलंयस की गोवंडीला राहतोस, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता १२वी कॉमर्स, दिल्लीला जायची इच्छा आहे, पण पॅसेज वाचताना अर्धा वेळ अर्थ लावण्यातच जातो, शब्द पाठ केले की आठवड्यात उडतात आणि ग्रामरचे नियम तोंडपाठ असूनही प्रश्न चुकतात. तुला तू म्हणतेय, चालेल ना, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे. मी स्वतः भांडुपच्या पालिकेच्या मराठी शाळेतली, २०२३ ला सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची पदवीची प्रवेश परीक्षा, दिली आणि आता दिल्लीत बीए करतेय, त्यामुळे तू जे जे लिहिलंयस ते सगळं माझं झालेलं आहे.

पहिल्यांदा पेपर नीट समजून घे. माझ्या वेळी इंग्रजीत ५० पैकी ४० प्रश्न सोडवायचे होते आणि ४५ मिनिटं मिळायची. २०२५ पासून ते बदललं, ५० च्या ५० सोडवायचे, वेळ ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५ मार्क आणि चुकलं तर १ वजा. तरी तुझ्या वर्षीचं एनटीएचं, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं, माहितीपत्रक स्वतः उघडून बघ, कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नकोस. ६० मिनिटांत ५० म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद आणि त्यातच पॅसेज वाचायचा वेळही आला. पॅसेज तीन प्रकारचे असतात, माहिती देणारे, साहित्यातले आणि गोष्टीसारखे सांगितलेले. बाकी समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, गाळलेल्या जागी योग्य शब्द, वाक्यांचा क्रम लावणं, असं.

आता माझी चूक सांगते, कारण तू पण तीच करतोयस असं तुझ्या प्रश्नावरून वाटतंय. मी दादरला एका क्लासला जायचे, तिथे पहिल्याच दिवशी तीन हजार शब्दांची झेरॉक्स हातात दिली आणि रोज पन्नास पाठ करा म्हणाले. मी केले, मन लावून केले, दोन महिने दुसरं काहीच केलं नाही. मग पहिली मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली तर ४० पैकी १७ बरोबर. घरी येऊन एकेक प्रश्न परत बघितला तेव्हा कळलं की चुकलेल्या पॅसेजमध्ये मला न येणारा शब्द जवळजवळ नव्हताच, सगळे शब्द येत होते आणि तरी वाक्याचा अर्थ उलटा लागला होता. त्या वेळी खूप रडले, पण त्याच दिवसापासून माझा अभ्यास सुरू झाला असं मी मानते.

म्हणजे नेमकं काय व्हायचं ते एका वाक्यावर दाखवते. समज पॅसेज एका सरकारी योजनेबद्दल आहे आणि त्यात वाक्य आहे: द स्कीम वॉज नॉट अनवेलकम, बट इट केम टू लेट टू बी ऑफ मच यूज. प्रश्न येतो, लेखकाचं योजनेबद्दल मत काय? पर्याय असे की त्याचा विरोध आहे, त्याचा पूर्ण पाठिंबा आहे, त्याला योजना हवी होती पण उशीर झाला याची खंत आहे, आणि त्याला काहीच देणंघेणं नाही. या वाक्यात एकही अवघड शब्द नाही. पण आपण वाचताना नॉट बघतो, बट बघतो, लेट बघतो, सगळा सूर नकाराचा वाटतो आणि विरोध आहे यावर टिक करून मोकळे होतो. आता सावकाश बघ. नॉट अनवेलकम म्हणजे नको होती असं नाही, म्हणजे हवीच होती. आणि पुढचं टू लेट टू बी, यात नाही असा शब्दच नाही तरी अर्थ नकाराचा आहे, इतक्या उशिरा आली की फारसा उपयोग झाला नाही. जिथे नॉट आहे तिथे होकार आणि जिथे नॉट नाही तिथे नकार! उत्तर तिसरं. अशी वाक्यं पॅसेजमध्ये भरपूर असतात, हार्डली, सेल्डम, फार फ्रॉम, एनीथिंग बट, फेल्स टू, ही सगळी गुपचूप नकार आणणारी मंडळी आहेत, त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लाव.

वाचायची माझी पद्धत ट्रेनमधली आहे. भांडुपला स्लो लोकल पकडली की मोबाइलवर आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवलेला तीनशे-साडेतीनशे शब्दांचा पॅसेज उघडायचा, विक्रोळी यायच्या आत वाचून संपवायचा, मग घाटकोपरपर्यंत प्रश्न. पहिल्या आठवड्यात माझं वाचन घाटकोपरच्या पुढे विद्याविहारपर्यंत लांबायचं, महिन्याभराने भांडुपनंतरचं पहिलंच कांजूर सुटतासुटता संपायला लागलं. तुला हार्बर लाइन आहे, गोवंडी ते चेंबूर ते टिळकनगर असं काहीतरी स्वतःचं माप ठरव. उभं राहून धक्के खात वाचलं की परीक्षेच्या एसी हॉलमध्ये वाचणं सोपं जातं, हे मी अनुभवाने सांगते. वाचताना मनात मराठी भाषांतर करायचं नाही, ही एकच अट पाळ. प्रत्येक परिच्छेद संपला की मनात चार शब्दांत एवढंच म्हणायचं की इथे लेखक काय करतोय, तक्रार करतोय, उदाहरण देतोय, आधीचं खोडतोय. ते मनातलं म्हणणं मराठीत चालेल, उलट मराठीतच म्हण.

आणि अजून एक, हे मला फार उपयोगी पडलं. घरी लोकसत्ता यायचा, तर मी सकाळी एखादा विषय, समज रिझर्व्ह बँकेने व्याजदर बदलले, तो लोकसत्तात आधी वाचायचे आणि मग तोच विषय इंडियन एक्सप्रेसमध्ये वाचायचे, दोन्ही एकाच समूहाचे पेपर आहेत. विषय आधी माहीत असला की इंग्रजी शब्द आपोआप जागेवर बसतात, डिक्शनरी फार कमी लागते. तू कॉमर्सचा आहेस तर अर्थविषयक पानापासूनच सुरू कर. गोष्टीसारख्या पॅसेजसाठी एनसीईआरटीची ११वी-१२वीची इंग्रजीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, आणि कागदावरच वाचायचं असेल तर किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, भाव करून घे.

शब्दांचं बोलायचं तर यादी फेकून देऊ नकोस पण यादीपासून सुरुवात करू नकोस. पॅसेजमध्ये अडलेला शब्द त्याच्या अख्ख्या वाक्यासकट वहीत लिही, एकटा शब्द लिहिलास तर तो टिकणार नाही. सगळ्यात जास्त फसवतात ते आपल्याला येतात असं वाटणारे शब्द. अ‍ॅड्रेस म्हणजे पत्ता हे आपण पहिलीपासून शिकलोय, पण अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेम म्हणजे प्रश्नाला हात घालणं. ग्रेव्ह म्हणजे कबर पण विशेषण म्हणून गंभीर. सँक्शन म्हणजे मंजुरी आणि सँक्शन म्हणजेच निर्बंध, दोन्ही, वाक्य बघितल्याशिवाय कळत नाही. आपण रोज बोलतो ते इंग्रजी शब्द तर अजून धोक्याचे, पेशंट सिरीयस आहे, गाडी अ‍ॅव्हरेज चांगली देते, मी कॉलेजातून पासआऊट झालो, यातला शेवटचा प्रयोग बाहेरच्या इंग्रजीत केलास तर समोरचा समजेल की तू बेशुद्ध पडलास.

दुसरीकडे आपल्याकडे एक खजिना आहे जो इंग्रजी मीडियमच्या मुलांकडे नसतो. मराठीत संस्कृत शब्द भरलेत, आणि संस्कृत, लॅटिन, इंग्रजी ही दूरची भावंडं आहेत. दंत आणि डेंटल, मातृ आणि मॅटर्नल, भ्रातृ आणि फ्रॅटर्नल, नौ म्हणजे होडी आणि नेव्हल, पाद आणि पेडल, मृत आणि मॉर्टल, विधवा आणि विडो, नव आणि नॉव्हेल, म्हणून तर नॉव्हेल आयडिया म्हणजे नवी कल्पना, कादंबरीतली नव्हे. हे मला शाळेतल्या संस्कृतच्या बाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं होतं आणि मी त्यांचे आभार अजून मानते. एकदा अशा जोड्या दिसायला लागल्या की शब्द परके वाटत नाहीत. प्रत्येक शब्दाचं असं होणार नाही, आणि नुसतं ऐकायला सारखं म्हणून अर्थ ठोकून देऊ नकोस, पण लक्षात ठेवायला याच्यासारखं काही नाही.

ग्रामर. इथे जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून करायची काहीच गरज नाही. आपल्या बहुतेक चुका मराठीतून येतात, त्या तेवढ्या पकड. आपण म्हणतो मी पाच वर्षांपासून इथे राहतो, साधा वर्तमानकाळ, म्हणून इंग्रजीत आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स असं येतं, तिथे हवं आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स. आपण त्याबद्दल चर्चा करतो म्हणून डिस्कस अबाऊट, खरं तर नुसतं डिस्कस. आपण कुणाशी तरी लग्न करतो म्हणून मॅरीड विथ, हवं मॅरीड टू. माझ्यापेक्षा सीनियर म्हणून सीनियर दॅन, हवं सीनियर टू. आपण म्हणतो तो म्हणाला की मी उद्या येतो, मी चा मी च राहतो, इंग्रजीत तिथे मी चा तो होतो, काळ मागे सरकतो आणि उद्याचं द नेक्स्ट डे होतं.

कर्ता-क्रियापदाच्या प्रश्नात तर मराठीचं मूळ फारच खोल आहे. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी पेढे खाल्ले. खाणारी मीच, पण क्रियापद बदलतंय खाल्लेल्या वस्तूप्रमाणे. म्हणजे आपल्या कानाला क्रियापद शेजारच्या नामाशी जुळवायची सवय आहे. म्हणून द लिस्ट ऑफ नेम्स च्या पुढे आपला हात आर कडे जातो कारण शेजारी नेम्स आहे, आणि उत्तर असतं इज, कारण कर्ता लिस्ट आहे. मी वहीत असं वाक्य आलं की ऑफ पासून पुढचं सगळं बोटाने झाकायचे आणि मग क्रियापद निवडायचे.

अ आणि अ‍ॅन या इंग्रजी आर्टिकलसाठी देवनागरीच वापर! आपल्याला स्पेलिंग बघून ए ई आय ओ यू शिकवलं म्हणून आपण फसतो. शब्द देवनागरीत लिहून बघ. अवर म्हणजे तास, सुरुवात अ ने, म्हणजे स्वर, म्हणून अ‍ॅन. ऑनेस्ट, ऑ ने, अ‍ॅन. युनिव्हर्सिटी, य ने, व्यंजन, म्हणून अ. वन-वे स्ट्रीट, व ने, अ. एमबीए, ए ने, अ‍ॅन. एलआयसी एजंट, अ‍ॅन. स्वराने सुरू झालं तर अ‍ॅन, व्यंजनाने झालं तर अ, या प्रकाराने मला कधीच दगा दिला नाही.

वाक्यांचा क्रम लावायच्या प्रश्नात फार वेळ घालवू नकोस. ज्या वाक्यात धिस, सच, इंग्रजीतला ही (म्हणजे तो), देअरफोर असं मागे बोट दाखवणारं काही आहे ते पहिलं नसतं, तेवढ्यानेच दोन पर्याय गळतात. आणि गळण्यावरून आठवलं, वजा मार्कांना इतकं घाबरू नकोस. दोन पर्याय नक्की उडाले आणि उरलेल्या दोनांपैकी एक मारला तर हिशोबाने सरासरी २ मार्क तुझ्या बाजूला पडतात, एकच उडाला तरी १. पॅसेजमध्ये उडवायला सोपे पर्याय म्हणजे ऑल, ओन्ली, ऑलवेज, नेव्हर वाले, लेखक क्वचितच इतकं टोकाचं बोलतो, पण पॅसेजमध्ये परत जाऊन बघितल्याशिवाय उडवायचं नाही.

वेळ म्हणशील तर बोर्डाचा अभ्यास चालू असताना रोज एक तास पुरे, दोन पॅसेज, त्यातले शब्द, आणि काल चुकलेलं. बोर्डाची परीक्षा संपली की आठवड्याला दोन मॉक. मॉक दिल्यावर तपासायला मॉकपेक्षा दुप्पट वेळ दे, इथे कंजूषपणा केलास तर मॉक देऊन उपयोग नाही. वही अशी कर की डाव्या पानावर चुकलेला प्रश्न आणि तू मारलेलं उत्तर, उजव्या पानावर तू ते का मारलंस ते, मराठीत, खरं खरं. बरोबर उत्तर काय ते नंतर, आधी तुझं कारण. माझ्या उजव्या पानांवर पुन्हा पुन्हा तीच तीन-चार वाक्यं यायला लागली होती, घाई केली, नॉट सुटला, पॅसेजमध्ये नव्हतं पण मला माहीत होतं म्हणून मारलं. हे शेवटचं तर माझं सगळ्यात जास्त होतं, महिनाभर रोज तेच लिहिलं आणि मग हळूहळू कमी झालं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी नवीन काहीही वाचलं नाही, फक्त त्या वहीची उजवी पानं. सेंटरवर जातानाही ती पिशवीत होती आणि आत सोडायच्या आधी आईच्या हातात दिली.