स्वीप पिकिंग: ६० ला स्वच्छ, ९० ला गिचमिड

तुम्ही लिहिलंय, गिटारवर स्वीप पिकिंग (पिकच्या एकाच सलग ओढीत लागोपाठच्या तारा एकेक नोट करत वाजवणं) करताना मेट्रोनोम ६० वर (मिनिटाला ६० ठोके) असला की नोट न् नोट सुटी ऐकू येते, ९० वर नेला की कॉर्ड खरडल्यासारखं वाटतं, आणि चार महिने गाडी तिथेच अडली आहे. वाचून वाटलं, ही पोस्ट मीच कधीतरी लिहून विसरलो की काय! माझे चार नाही, अकरा महिने गेले. आधीच सांगून ठेवतो, मी शिक्षक नाही आणि फार वेगाने वाजवणाराही नाही. पण या खड्ड्यात मी बराच काळ मुक्काम केलाय.

पिक (तार छेडायची छोटी पट्टी) कसं धरायचं, तीन तारांवरचा ए मायनर कॉर्डचा आकार (बोटांची मांडणी) कुठे येतो, हे तुम्हाला येतं असं धरतो. थेट माझ्या चुकीवर येतो.

'हळू वाजवा' हा सल्ला मी फार प्रामाणिकपणे पाळला. तिसरी तार, नववा फ्रेट (गळ्यावरचं नववं घर), डाउनस्ट्रोक (पिक खालच्या दिशेने). पिक हवेत. दुसरी तार, दहावा फ्रेट, पुन्हा डाउनस्ट्रोक. पुन्हा पिक हवेत. पहिली तार, आठवा. नोटा स्वच्छ येणारच हो, कारण ते स्वीप नव्हतंच! ते तीन सुटे डाउनस्ट्रोक होते. रोज पाऊण तास बसून मी भलतीच हालचाल हातात मुरवत होतो. वेग वाढला की पिक तीनदा उचलायला वेळच उरत नाही, मग मनगट आपलं आपण एक झाडू मारून मोकळं होतं. डाव्या हाताला त्या झाडूची सवयच नसते. तो जुन्याच चालीने बोटं टाकत राहतो आणि दोघांची चुकामूक होते. तीच तुमची गिचमिड.

यात एका ऑनलाइन कोर्सचाही हातभार आहे. नाव घेत नाही. फी भरून मी त्यांना माझा व्हिडिओ पाठवला होता, 'तपासून व्यक्तिगत मार्गदर्शन' मिळणार म्हणून. तीन आठवड्यांनी दोन ओळी आल्या: छान प्रगती, रोज दोन बीपीएम (मिनिटाला ठोके) वाढवत जा. व्हिडिओत उजवा हात स्पष्ट दिसत होता, पिक कोंबडीने दाणे टिपल्यासारखं वरखाली होत होतं. बघणाऱ्याने दहा सेकंद जरी नीट पाहिलं असतं तरी माझे पुढचे सहा महिने वाचले असते. अजून आठवलं की चिडचिड होते, असो.

शेवटी फोनवर स्लो मोशनमध्ये फक्त उजवा हात शूट केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुम्हीही आजच करा. पिक एका तारेतून सुटलं की पुढच्या तारेवर टेकलेलं दिसलं पाहिजे. ४० च्या लयीतही. टेकून थांबायचं, वेळ झाली की त्याच दाबाने पुढे ढकलायचं. खाली येताना पिकचं टोक किंचित वर राहू द्या, वर जाताना किंचित खाली, म्हणजे ते तारेत अडकत नाही. डाव्या हाताचं बोट नोट वाजली की ढिलं करायचं, पण तारेवरून उचलायचं नाही. उचललंत तर तार मोकळी होऊन गुणगुणत बसते.

दुसरी भानगड लयीची. तिसऱ्या तारेवर नऊ, दुसरीवर दहा, पहिलीवर आठ, मग बाराला हॅमर-ऑन (पिक न लावता डाव्या हाताचं बोट तारेवर ठोकून), आठला पुल-ऑफ (तेच बोट ओढून सोडून), आणि दुसरीवर दहा अपस्ट्रोकने (पिक वरच्या दिशेने): झाल्या सहा नोटा. ठोक्याला सहाच बसवा, म्हणजे तिसऱ्या तारेवरची नोट दर वेळी ठोक्यावरच पडेल. चार-चार बसवल्या तर तो आकार तीन ठोक्यांनी परत जुळतो, आणि तोवर आपण कुठे चुकलो ते कळतही नाही. बहुतेक लोक (मीसुद्धा) पहिल्या तीन नोटा धावत घेतात आणि वर पोचून बाराव्या फ्रेटवर रेंगाळतात. ९० ला सेकंदाला नऊ नोटा होतात, तिथे ही लबाडी लगेच उघडी पडते.

डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) बंद ठेवा. डिले आणि रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा) तर नकोच. यावर मतभेद आहेत, काही जण म्हणतात डिस्टॉर्शनमध्येच म्यूटिंगच्या (नको त्या तारा गप्प ठेवण्याच्या) चुका कळतात, आणि ते खोटं नाही. म्हणून मी शेवटची पाच मिनिटं डिस्टॉर्शन लावतो. तारा गप्प राहाव्यात म्हणून नटपाशी (गळ्याच्या टोकाच्या पट्टीपाशी) केसांचा रबर बांधायची युक्तीही आहे. रेकॉर्डिंगला ठीक, सरावाला माझ्या मते घातक. वरच्या जाड तारा तळहाताच्या कडेनेच दाबायला शिका. मनगट दुखलं तर मात्र तिथेच थांबा, 'सहन करा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आणि पाच तारांचा आकार आत्ता बाजूला ठेवा. तिथे चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर चौदावाच फ्रेट येतो, तो एकाच बोटाने लोळवत वाजवावा लागतो. बोट सपाट ठेवलंत तर दोन्ही नोटा एकत्र वाजतात आणि दोष उगाच पिकच्या माथी जातो. स्वीपसाठी नावाजलेले गिटारवादक फ्रँक गॅम्बाले किंवा जेसन बेकर यांचे व्हिडिओ बघायचे तर डावा हात झाकून बघा, सगळी गंमत उजव्या हातात आहे.

एक आठवडा तीन तारा, ४० वर, पिक टेकवत. मग स्लो मोशनचा व्हिडिओ इथे टाका. मी बघेन, आणि तीन आठवडे लावणार नाही.