आवाज वाढवू नकोस

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. आजीच्या तेराव्याच्या रात्री तू फोरे या फ्रेंच संगीतकाराचा रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनांचं संगीत, लावलास, रडू येईल म्हणून वाट बघत बसलीस, ते आलं नाहीच, उलट त्यातला सांक्तुस हा भाग संपतासंपता डोळा लागला आणि मग पुढचा लिबेरा मे सुरू झाल्यावर दचकून उठलीस, आणि आता विचारतेस की कमी कुणात आहे, तुझ्यात की त्या म्युझिकमध्ये. पण मध्येच एक वाक्य सहज टाकलंयस, 'बारीक वाजत होतं म्हणून आवाज वाढवत गेले.' अगं बाई, सगळा घोळ तिथंच आहे!

आवाज वाढवू नकोस. लिबेरा मे मध्ये 'दिएस इल्ला' म्हणत कॉयर, गाणाऱ्यांचा ताफा, उसळतो ना, त्या जागेला कानाला बरं वाटेल एवढा आवाज आधी लावून घे, मग सुरुवातीला जा आणि फोन लांब ठेव. पहिलं 'रेक्विएम एतेर्नाम' जेमतेम ऐकू येईल, येऊ दे तसंच, थोडं पुढं वाकावं लागेल तुला, वाक.

झोपेचं म्हणशील तर त्यात लाजायचं काय? या रेक्विएमला कुणीतरी मृत्यूची अंगाई म्हणालं होतं आणि १९०२च्या एका मुलाखतीत फोरेनं ते मान्यच केलं, त्याला मरण म्हणजे सुटकाच वाटायची. वडील १८८५ला गेले, आई १८८७च्या ३१ डिसेंबरला, आणि पुढं सोळाच दिवसांनी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये, जिथं तो कॉयर सांभाळायचा, एका मृत आर्किटेक्टसाठीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, हे पहिल्यांदा गायलं गेलं. तरी हा माणूस म्हणतो की आनंदासाठी लिहिलं. दिएस इरेचं, म्हणजे देवाच्या कोपाच्या दिवसाचं, ते लांबलचक भयंकर प्रकरण त्यानं गाळूनच टाकलं, शेवटच्या ओळी तेवढ्या ठेवल्या, त्याच पिए येसू. इटालियन संगीतकार व्हेर्दीनं त्याच्या रेक्विएममध्ये तिथं ढोल बडवलाय (मला आवडतो तो, पण ती भूक वेगळी). फोरेच्या १८८८च्या रूपात व्हायोलिनचा ताफासुद्धा नव्हता, व्हायोला, चेलो, ऑर्गन, हार्प, आणि सांक्तुसला एकटं एक व्हायोलिन. मोठ्या ऑर्केस्ट्राचं रूप १९००चं. तू बहुतेक तेच ऐकलंयस, १८९३चं छोटं शोध.

आता आमच्या कॉयरचं सांगतोच. मी टेनर, पुरुषांच्या वरच्या आवाजात गाणारा, यातल्या आन्युस देई या भागाची चाल आमच्याकडे, गायचो मनापासून. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ठरलं की हॉल मोठा आहे, प्रत्येक ओळीसमोर माईक लावू. मी म्हटलं लोकांना शांत बसायला सांगा, माईक कशाला? भांडण झालं, मी फाईल ठेवली आणि निघून आलो, परत गेलो नाही. एकोणीस वर्षं झाली. हेकट म्हणतात मला, म्हणू देत, माझंच बरोबर होतं. आन्युस देईत एक जागा आहे, सगळे थांबतात आणि सोप्रानो, सगळ्यात उंच आवाजाच्या बायका, एकट्या 'लुक्स' (प्रकाश) एवढाच एक सूर धरून ठेवतात, आणि खालचे सूर सरकतात नि तोच सूर दुसऱ्याच खोलीत गेल्यासारखा वाटतो. ती जागा माईकवर लावायची? कशाला पण!

तरी एक गोष्ट आहे. बाबा गेले तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी मोबाईल स्पीकरला जोडून गीता लावली होती, फुल्ल आवाजात, स्पीकर फाटत होता. बाबांना टीव्हीसुद्धा बारीक लागायचा. मी, माईकवरून कॉयर सोडलेला माणूस, स्पीकरपासून चार हातांवर बसलो होतो आणि उठून आवाज कमी केला नाही. लोक काय म्हणतील, दुसरं काय. पहाटेपर्यंत चालू होतं ते. म्हणून तुझ्यावर एवढा चिडतोय, तुझा त्यात काही दोष नाही.

तर पुन्हा ऐक. पस्तीसेक मिनिटं लागतात. बिल्डिंगचा पंप बंद झाल्यावर, पंखा एकवर ठेवून. रडू येतंय का हे तपासत बसू नकोस. शेवटचा भाग इन पारादिसुम, ही खरं तर मिस्सेतली प्रार्थनाच नाही, शवपेटी दफनाला नेताना म्हणायची, देवदूत तुला स्वर्गात नेवोत म्हणून, आणि त्यात सोप्रानोंच्या मागे ऑर्गन छोट्या छोट्या सुरांनी लुकलुकत राहतो, तो तुला नीट ऐकू येणार नाही आणि हात आपोआप फोनकडे जाईल. जाऊ देऊ नकोस.

आईला विचारलंय सांग.

तुझा,
काका